लेकीचा काटकोन आणि आमची तिरकी खोली – माझा अनुभव

माझी मुलगी चौथीत आहे, आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. मागच्या पेपरात तिचे दोन मार्क गेले. आकृतीत चौरस होता पण तिरका, एका टोकावर उभा केलेला, आणि हिनं लिहिलं यात एकही काटकोन नाही. विचारलं तर म्हणे मम्मी हा चौरस नाहीच, ही काजूकतली आहे. आधी राग आला, मग वाटलं पोरीचं तरी काय चुकलं, आपण काटकोन दाखवतो तो कायम एक रेघ आडवी एक उभी असाच, मग तिला तसाच दिसला तरच तो काटकोन वाटणार की.

म्हणून डोळ्यानं ओळखणं बंद केलं आणि कागदानं तपासायला लागलो. रद्दीतला कसाही फाटका कागद घ्यायचा, एक घडी घालायची, मग त्या घडीची कड स्वतःवरच बरोबर बसेल अशी दुसरी घडी घालायची, जो कोपरा येतो तो काटकोन. पहिल्यांदा तिनं फाटकी कड जुळवली आणि कोपरा वाकडा आला, जुळवायची असते ती घडीची कड. सरळ रेघेचा कोन 180 अंशाचा, तो बरोबर निम्मा झाला की 90. कागद उघडला तर मधे चार काटकोन, ते तिनं स्वतः मोजले.

मग चौकटीच्या वहीतला चौरस कापला आणि तिच्यासमोर हळूहळू फिरवला. प्रत्येक वेळी कागदाचा कोपरा लावून बघ म्हटलं. सरळ ठेवला तरी बसतो, टोकावर उभा केला तरी बसतो. चार पाच वेळा लावल्यावर तीच म्हणाली, मम्मी कोन फिरत नाही, कागद फिरतोय.

तिथून घरभर सुरू झालं. दार, टेबल, पाटी हे पटकन झालं. घड्याळात तीन आणि नऊ वाजता काटकोन असतो हे बरोबर, पण सव्वाबाराला पण होतो म्हणत होती, तर तोपर्यंत तासकाटा थोडा पुढे सरकलेला असतो, कोन साडेब्याऐंशी अंशाचाच राहतो.

माझे सासरे आयुष्यभर यंत्रमागावर होते. त्यांनी टॉवेल घेतला आणि म्हणाले, बघ बाळा, उभा धागा ताणा, आडवा बाणा, दोन्ही एकमेकाला काटकोनात. मग समोरासमोरची दोन टोकं तिला धरायला लावून तिरकी ओढली, टॉवेल लांबट होऊन तिरका झाला. कडा तेवढ्याच लांब, सुतं तीच, पण कागद लावला तर दोन कोपरे अरुंद दोन रुंद. बघ, आता झाली काजूकतली, असं सासरे म्हणाले आणि ती इतकी हसली. मला स्वतःला पण त्या दिवशीच नीट कळलं की नुसत्या बाजू सारख्या असून भागत नाही. दोन मार्कांचं उत्तर त्या टॉवेलात होतं.

नंतर कंपासपेटीतला गुण्या, म्हणजे काटकोन असलेली ती त्रिकोणी पट्टी, काढला, आणि तिला सांगितलं की गवंडीकाका पण याला गुण्याच म्हणतात, भिंत गुण्यात आहे का बघतात. झालं, आता आपली खोली गुण्यात आहे का बघूया. आमचं घर जुनं, ती खोली सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेली. पेपरची मोठी घडी कोपऱ्यात लावली तर एका भिंतीला चिकटली आणि दुसऱ्या भिंतीशी टोकाला फट, पेन्सिल जाईल एवढी. मग टेप घेतला. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटावर खूण, दुसरीवर 4 फुटावर, दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट आलं तर काटकोन, गवंडी हेच करतात. आमच्या खोलीत आलं 5 फूट अर्धा इंच. म्हणजे कोन 90 पेक्षा साधारण एका अंशानं मोठा. विशालकोन! असं ओरडत ती आजोबांकडे पळाली.

मी तिथंच खाली बसून फरशीकडे बघत होते. भिंतीलगतची शेवटची ओळ एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती कापलेली आहे, इतकी वर्षं मी ती रोज पुसते.