पर्जन्यवही, टप्पा दुसरा: नोंदी डिस्कवर

मागच्या टप्प्यात नोंद पडद्यावर दिसण्यापर्यंत मजल गेली होती, आता ती फाईलमध्ये टिकते. नव्यांसाठी थोडक्यात: गोव्यात डिचोलीतल्या आमच्या अंगणातलं पर्जन्यमापक, शिवाय साखळी, वाळपई आणि फोंड्याच्या दोस्तांची रोजची मापं, सगळं सी भाषेतल्या 'पर्जन्यवही' या छोट्या प्रोग्रामात. आपल्याकडे पाऊस इंचात बोलतात, पण फाईलमध्ये मी मिलिमीटरचे दशांश पूर्णांकात ठेवतो. अडीच इंच म्हणजे ६३५. फ्लोटची, म्हणजे अपूर्णांकी संख्यांची, कटकट नको.

आधी बायनरी, म्हणजे मेमरीतले बाइट जसेच्या तसे फाईलमध्ये, करून पाहिलं. स्ट्रक्टमध्ये (नोंदीचे भाग एकत्र ठेवणाऱ्या साच्यात) गावाला २१ बाइट, मापाला ४ बाइटचा इंट (पूर्णांक), बेरीज २५. आकार मोजणारा साइझऑफ मात्र २८ सांगतो, कारण इंट चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसावा म्हणून कंपायलर मधे तीन बाइट रिकामे सोडतो, आणि बाइट लिहिणारा एफराइट तेही फाईलमध्ये ओततो. फाईलमधली जागा बदलणाऱ्या एफसीकने हवी ती नोंद थेट गाठता येते, ही मजा खरी. पण पावसाची वही कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता आली पाहिजे. म्हणून साधा मजकूर, ओळीला एक नोंद, 'ए' (अपेंड, शेवटी जोडणारा) मोड. या मोडमध्ये एफसीकने कुठेही जा, लिहिलेलं शेवटीच पडतं.

खरी गंमत गावांच्या नावांत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, काना-वेलांटीलासुद्धा. मुद्दाम १६ बाइटांचा बफर (तात्पुरती साठवणजागा) देऊन यादी ओळ वाचणाऱ्या एफगेट्सने वाचली. मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याला एक जागा गेली, उरले १५. 'साखळी' बरोब्बर १५, त्यामुळे नाव पूर्ण आलं, पण ओळ संपल्याची खूण मागे राहिली आणि पुढच्या वाचनात रिकामी ओळ होऊन आली. 'डिचोली' १८, म्हणून हाती लागलं 'डिचोल', आणि वेलांटी पुढच्या फेरीत, टर्मिनलवर टिंबांच्या वर्तुळाला लटकलेली! आता बफर २५६ चा आहे, आणि ओळीची खूण दिसली नाही तर पुढे वाचत राहायचं. फोंड्याची फाईल विंडोजवरून येते, तिच्यात ओळीअखेर कॅरेज रिटर्न ही आणखी एक खूण असते. पहिली खूण कुठे आहे ते सांगणाऱ्या एसटीआरसीएसपीएनला दोन्ही खुणा दिल्या आणि तिथेच ओळ कापली की एका फटक्यात काम होतं.

पडद्यावर छापणाऱ्या प्रिंटएफची रुंदीही बाइटांत मोजली जाते, त्यामुळे तक्त्याचे रकाने वाकडे दिसतात. ते सध्या तसंच.

पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून ही चाचणी. फाईलमध्ये लिहिणाऱ्या एफप्रिंटएफनंतर प्रोग्राम थांबवून ठेवला आणि किल -९ (प्रोग्राम तडकाफडकी मारणारी आज्ञा) दिला. फाईल कोरी, नोंद बफरमध्येच विरली. बफर रिकामा करणारा एफफ्लश घातल्यावर तीच नोंद बचावली. मात्र एफफ्लश फक्त ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोचवतो. डिस्कवर उतरवायला लिनक्सवर एफसिंक लागतो, तो पॉझिक्सचा (युनिक्ससारख्या सिस्टीमांच्या मानकाचा) आहे, सीच्या मानकात नाही. दिवसाला चार नोंदी, वेगाचं कोणाला पडलंय? दोन्ही घातले.

जुनी नोंद दुरुस्त करायला 'आर+' (आहे त्या फाईलवरच लिहिणारा मोड) टाळला. एका आकड्याचे दोन झाले की पुढचा मजकूर खाल्ला जातो. सगळी वही तात्पुरत्या फाईलमध्ये उतरवायची, फाईल बंद करणाऱ्या एफक्लोजचं उत्तर तपासायचं, मगच नाव बदलणारा रिनेम. लिनक्सवर तो जुन्या फाईलच्या जागी बसतो, विंडोजवर नकार देतो. फोंडेकरांसाठी तेवढा एक इफडेफ (सिस्टीमनुसार वेगळा कोड निवडणारी अट) चवथीच्या आधी लिहायचा आहे.