चौसष्ट साल आणि भोकाचा पैसा

गेल्या मंगळवारी संध्याकाळी इथे ओसाकात भाजीच्या दुकानातून मुळा घेतला. सुटे पैसे परत आले, तसे नेहमीप्रमाणे एकेक उलटून पाहिले. दहा येनचं एक तांबूस नाणं दिव्याखाली धरलं आणि पिशवी तशीच खाली ठेवली. कांजी लिपीत कोरलं होतं: शोवा चौसष्ट. चार वर्षं मी या नाण्याची वाट पाहत होतो.

जपानच्या नाण्यांवर इसवी सन नसतो, सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. शोवाच्या वर्षात 1925 मिळवायचे, हेइसेइच्या वर्षात 1988, सध्याच्या रेइवाच्या वर्षात 2018. पंचांगातल्या शकात 78 मिळवणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हे गणित लगेच जमलं. 1, 5 आणि 10 येनवर सालाचे आकडेही कांजीतच असतात, म्हणून मी कांजी अंक आधी नाण्यांवरच वाचायला शिकलो, पुस्तकात नंतर.

शोवा 64 हे वर्ष फक्त सात दिवसांचं. 7 जानेवारी 1989 ला सम्राट हिरोहितो वारले आणि 8 तारखेपासून हेइसेइ सुरू झालं. त्या सालाची 50 आणि 100 येनची नाणी निघालीच नाहीत. 500 येनची 1 कोटी 60 लाखांच्या आसपास आहेत. दहा येनची त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे नाण्यांच्या दुकानात त्याला फारसा भाव नाही. पण मी दुकानातून नाणं विकत घेत नाही. जे व्यवहारात हातात येईल तेच ठेवायचं, हा पहिल्या दिवसापासूनचा नेम आहे. विकत घेतलेल्या नाण्यासोबत पावती येते. हातात आलेल्या नाण्यासोबत ती संध्याकाळ येते, तो मुळा येतो. मला हे दुसरं हवं असतं.

या नेमाने आजवर बरंच जमलं. 1951 ते 1958 च्या दहा येनच्या नाण्यांना कडेला खाचा असत, त्यांना इथे ‘गिझाजू’ म्हणतात. अशी तीन मिळाली. दहा येनवर उजी गावातल्या ब्योदोइन मंदिराचा 1053 सालचा मंडप आहे, तो नाण्यावर आधी पाहिला आणि मग मुद्दाम जाऊन डोळ्यांनी पाहिला. 1 येनचं नाणं ॲल्युमिनियमचं, वजन बरोबर 1 ग्रॅम. अलगद ठेवलं तर पाण्यावर तरंगतं. 500 येनच्या नाण्याची तर मोठी कथा आहे: कोरियाचं 500 वॉनचं नाणं त्याच आकाराचं आणि त्याच धातूचं, किंमत मात्र खूपच कमी. लोक ते थोडं कोरून हलकं करायचे आणि यंत्रांत खपवायचे. शेवटी 2000 साली जपानने धातूच बदलला.

पण माझा जीव आहे तो 5 येनच्या नाण्यावर.

पितळी, पिवळंधमक, मधोमध भोक. भाताची लोंबी म्हणजे शेती, खालच्या आडव्या रेघा म्हणजे पाणी आणि मासेमारी, भोकाभोवतीचे दाते म्हणजे कारखाने. वजन 3.75 ग्रॅम, म्हणजे इथलं जुनं माप ‘एक मोम्मे’. मोती आजही या मापाने तोलतात. सोन्याचा बाजार म्हणजे जळगाव हे ऐकत वाढलेल्या माणसाला तोळ्याचा हा जपानी भाऊबंद लगेच आपला वाटला. आणि जपानीत ‘गो-एन’ म्हणजे पाच येन, तसाच ‘गोएन’ म्हणजे ऋणानुबंध. म्हणून देवळाच्या पेटीत लोक आवर्जून पाच येन टाकतात. गाडी तापीच्या पुलावर आली की डब्यातले हात खिडकीबाहेर जातात आणि नाणी पाण्यात पडतात, ते मला दर वेळी आठवतं.

पहिल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर मोठ्या मायला हे नाणं दाखवलं. ती अमळनेरजवळच्या गावी असते, वय 88. तिने फोन डोळ्यांजवळ नेला आणि अहिराणीत म्हणाली, “हाऊ ते आपला भोकना पैसा शे!” मग उठून पेटीची किल्ली घेऊन आली. किल्लीच्या दोऱ्यात 1944 चा भोकाचा पैसा ओवलेला होता. लहानपणापासून ती किल्ली मी पाहत आलो, पण तो पैसा वाचला कधीच नव्हता. युद्धात तांब्याची टंचाई झाली म्हणून सरकारने 1943 पासून 1947 पर्यंत असे भोकाचे पैसे पाडले. मोठ्या मायच्या लहानपणी पोरांच्या करदोड्यात तो ओवत. तिच्या भावाच्या करदोड्यातला तो हा पैसा. भाऊ लहानपणीच गेला, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेलो तेव्हा पाच येनचं एक नाणं नेलं. तिने ते त्याच दोऱ्यात, पैशाच्या शेजारी ओवलं.

तर मंगळवारी रात्री तिला फोन लावला. तिकडे दुपार होती. चौसष्ट साल मिळालं, सात दिवसांचं वर्ष, सगळं सांगितलं. सम्राटाच्या गोष्टीत तिला रस नव्हता, आकड्यात होता.

“चौसठ?” तिने पुन्हा विचारलं. “आम्हना वखतले रुपयाना चौसठ पैसा व्हतात.” जरा थांबली आणि म्हणाली, “मंग तुन्हा रुपया पुरा व्हई गया!”