मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचे टिळक मंडालेत: एका दिवसाची शहरफेरी

रत्नागिरी म्हणजे बहुतेकांसाठी वाटेतलं गाव. गणपतीपुळ्याला जाताना मारुती मंदिरापाशी चहा घ्यायचा, नाहीतर पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात जाता जाता आंब्याची पेटी सांगून ठेवायची आणि पुढे निघायचं. शहर बघायला म्हणून मुद्दाम उतरणारे फार थोडे. यंदा जानेवारीत आईला घेऊन कोकणात जायचं ठरलं, तेव्हा एक पूर्ण दिवस फक्त रत्नागिरी शहराला द्यायचा आणि तोही तिथल्याच माणसाच्या सोबतीने, असं आम्ही ठरवलं. ओळखीतून एक गाइड मिळाले. घरची थोडी आंब्याची बाग, भाऊबंद मासेमारीत, आणि हंगाम नसेल तेव्हा लोकांना गाव दाखवायचं काम. सगळे त्यांना दादा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. सांगलीचं एक शिक्षक जोडपं आणि ठाण्याचं एक कुटुंब आमच्याबरोबर होतं.

दादांनी सुरुवात मिरकरवाड्यापासून केली, तीही नीट उजाडायच्या आत. "काकू, देवळं दिवसभर उघडी असतात, बंदर सकाळीच बघायचं," असं त्यांनी आईला सांगितलं आणि ते अगदी खरं निघालं. बोटी धक्क्याला एकमेकींना खेटून लागलेल्या, प्रत्येकीवर दोन-तीन रंगांची निशाणं, क्रेट हातोहात वर येतायत, बर्फ फोडणाऱ्यांचा आवाज वेगळा आणि लिलाव पुकारणाऱ्याचा वेगळा. लिलावात बायका पुढे. टोपलीकडे एक नजर टाकायची, मान हलवायची, झाला सौदा. कानावर मराठी, मासेमारी करणाऱ्या दालदी मुसलमानांची कोकणी बोली आणि नेपाळी, सगळं एकदमच पडत होतं. खलाशांमधली बरीच मुलं नेपाळहून आलेली असतात, हे मला नवीन होतं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, इथला, बोट इथली आणि जाळं ओढणारे हात हिमालयातले.

दादांनी एक बांगडा उचलून त्याचे कल्ले उघडून दाखवले. आतून लालभडक असला तर ताजा, तपकिरी पडला असेल तर सोडून द्यायचा. मग त्यांनी जाळ्यांबद्दल सांगितलं. जून-जुलै मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या पैदाशीचा काळ. एरवी पर्ससीनचं मोठं जाळं थवाच्या थवा वेढून घेतं, रात्री एलईडी दिवे पाण्यावर सोडून मासा गोळा करायलाही काही जण जातात. त्या दिव्यांना बंदी आहे, पण भांडण मिटलेलं नाही. छोट्या होडीवाल्याच्या वाट्याला काय उरतं, हा इथला रोजचा प्रश्न आहे. दादांचे नातेवाईक दोन्हीकडे आहेत, त्यामुळे त्यांनी कुणाची बाजू न घेता दोघांचं म्हणणं मांडलं. ताटातल्या सुरमईमागे एवढं सगळं असतं, हे बंदरावर उभं राहून ऐकलं की मनात राहतं.

तिथून रत्नदुर्ग. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि घोड्याच्या नालाचा आकार. बहामनी काळातला हा किल्ला १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. बालेकिल्ल्यावर भगवतीचं देऊळ आहे, पलीकडच्या टोकाला दीपगृह. तटावर वारा असा होता की आईने पदर डोक्यावरून घेऊन घट्ट धरला. इथून रत्नागिरीची रचना एका नजरेत कळते. उत्तरेला मिऱ्याकडची फिकट वाळूची किनारपट्टी, तिला गावात पांढरा समुद्र म्हणतात. दक्षिणेला मांडवी, तो काळा समुद्र. मध्ये हे किल्ल्याचं टोक. एवढ्याशा अंतरावर दोन रंगांचे किनारे का, असं ठाण्याच्या मुलाने विचारलं. दादा म्हणाले, "खाली जाऊ, मग सांगतो."

मांडवीला उतरल्यावर त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि कागदात गुंडाळून कोरड्या वाळूवरून फिरवलं. कागदाला बारीक काळ्या कणांची दाढीच उगवली. कागद झटकला की कण गळून पडत, पुन्हा फिरवला की पुन्हा चिकटत. सह्याद्रीचा काळा कातळ झिजतो, त्यातली लोहयुक्त खनिजं नद्या समुद्रापर्यंत आणतात, आणि लाटा हलकी वाळू वाहून नेताना हे जड कण मागे ठेवतात. इल्मेनाइट हे त्यातलं मुख्य खनिज, चुंबकाला चटकन धरतं ते मॅग्नेटाइट. मुलगा नंतर दिवसभर ते चुंबक हातात घेऊन फिरत होता. शाळेच्या पुस्तकातल्या भूगोलाला असा हात लावून बघता आला, तर किती मुलांना तो आवडेल!

उन्हं वर आली तसे आम्ही टिळक आळीत आलो. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, इथल्याच एका भाड्याच्या बिऱ्हाडातला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. बाळ दहा वर्षांचा असताना त्यांची पुण्याला बदली झाली आणि कुटुंबाने रत्नागिरी सोडली. घर आता स्मारक म्हणून जपलेलं आहे. जांभ्याचा चौथरा, कौलारू छप्पर, अंगणात माड. जन्माची खोली लहानशी. भिंतींवर छायाचित्रं आणि माहिती, पण मला जास्त भावली ती ओटीवरची सावली आणि पायाखालची गार जमीन. सांगलीच्या बाईंनी चपला काढून खोलीत नमस्कार केला, बोलल्या काहीच नाहीत.

दादांनी इथे मंडालेचा विषय काढला, पण अर्धाच. "१९०८ ते १९१४ टिळक मंडालेत. हे साल लक्षात ठेवा, दुपारी लागेल."

मधला वेळ रामआळीच्या बाजारात गेला, त्यावर फार लिहीत नाही. आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी असं घ्यायचं ते घेतलं. जाता जाता दादांनी जिल्हा नगर वाचनालयाबद्दल सांगितलं, ते मात्र नोंदवायलाच हवं. ही संस्था १८२८ सालची आहे. पेशवाई बुडून दहा वर्षं होत होती, तेव्हा रत्नागिरीत ग्रंथालय सुरू झालं होतं. जेवायला एका घरगुती खानावळीत गेलो. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. आई मासे खात नाही, तिला डाळिंब्यांची उसळ आणि कुळथाचं पिठलं वाढलं, आणि खानावळीच्या काकूंनी आग्रह करून वर तूप घातलं.

जेवणानंतर पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही, या अटींवर. त्या बंदिस्त वर्षांत त्यांनी इथे अस्पृश्यतेविरुद्ध काम केलं, सहभोजनं घडवली, आणि १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत खुलं असलेलं हे लक्ष्मीनारायणाचं मंदिर उभं राहिलं. खर्च केला तो भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीच्या गरीब भंडारी घरातला हा माणूस मुंबईत मोठा कंत्राटदार झाला. दादरची शिवाजी पार्कची स्मशानभूमीही त्यांचीच देन. सावरकरांच्या राजकारणाबद्दल आमच्या गाडीत दोन मतं होती आणि ती मोकळेपणी बोलली गेली. पण त्या सभामंडपात उभं राहून, नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी या उंबऱ्यातून पहिल्यांदा आत येणाऱ्यांना काय वाटलं असेल, याचा विचार सगळ्यांनीच केला. भागोजीशेठांचं नाव रत्नागिरीबाहेरही घराघरात माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग टेकडीवरचा थिबा राजवाडा. मी ज्यासाठी आले होते तो.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजा-राणीला बोटीत घालून आधी मद्रासला नेलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हा त्याचं वय अवघं २७. रत्नागिरीच का? कारण इथे रेल्वे नव्हती, घाटातून येणं जिकिरीचं, आणि पावसाळ्यात समुद्राची वाटही बंद. ज्याला जगाच्या नजरेआड करायचं, त्याला ठेवायला याहून सोयीचं ठिकाण इंग्रजांना कुठे मिळणार? दिल्लीच्या बहादुरशहा जफरला त्यांनी १८५८ मध्ये रंगूनला धाडलं होतं. इकडचा बादशहा तिकडे, तिकडचा राजा इकडे.

राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये, म्हणजे राजाने चोवीस वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढल्यावर. तीन मजली, जांभ्याचा, वरती अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि त्यांवर ब्रह्मी सागाचं बारीक कोरीव काम. आत आता वस्तुसंग्रहालय आहे, मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती. पण खरं बघायचं ते वरच्या मजल्यावरून. खाली माडांचे शेंडे, भाट्याची खाडी आणि थेट क्षितिजापर्यंत समुद्र. राजा दुर्बीण घेऊन बोटी बघत बसायचा, असं गावात अजून सांगतात.

इथे दादांनी सकाळचं साल पुन्हा विचारलं. १९१० च्या हिवाळ्यात थिबा या वाड्यात राहायला आला. त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहीत होते. आणि तो तुरुंग मंडालेच्या किल्ल्यात, म्हणजे ज्या तटबंदीच्या आत थिबाचं सिंहासन होतं तिथेच. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या राजाच्या तटबंदीत कैद, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीच्या टेकडीवर कैद, एकाच वेळी. दोन्ही गोष्टी मला सुट्या सुट्या ठाऊक होत्या. सकाळी टिळकांच्या ओटीवर बसून, दुपारी या खिडकीत उभं राहिल्यावर त्या एकमेकींना भिडल्या आणि अंगावर काटा आला. सांगलीचे सर कितीतरी वेळ खिडकीपासून हलले नाहीत.

टिळक १९१४ मध्ये सुटले. थिबा सुटला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. राणी सुपायलतला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता, सरकारने परवानगी दिली नाही. देह तसाच ठेवलेला राहिला आणि १९१९ मध्ये तो इथे पुरण्यात आला. राणी त्याच वर्षी रंगूनला परतली, नवरा मागे राहिला.

राजाची समाधी शिवाजीनगर भागात आहे, वस्तीत. शेजारी त्याची धाकटी राणी. आजूबाजूला इमारती, वाळत घातलेले कपडे, कुणाची तरी कुकरची शिट्टी. समाधीचा दगड काळवंडलेला, सांध्यांत शेवाळ वाळून करडं पडलेलं, पायथ्याशी कुणीतरी ठेवलेली झेंडूची फुलं. आमच्याखेरीज तिथे कुणी नव्हतं. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले होते, आणि २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा राजघराण्यातले वंशज येऊन प्रार्थना करून गेले. ज्या जागेसाठी लोक समुद्र ओलांडून येतात, त्या जागेकडे आपण दोन किलोमीटर वाकडी वाट करून जात नाही, हे मला खरोखर बोचलं.

राजाच्या थोरल्या मुलीची कथा दादांनी तिथेच सांगितली. राजाच्या घरच्या नोकरीतल्या गोपाळ सावंत यांच्यापासून तिला टूटू नावाची मुलगी झाली. राजकन्या पुढे ब्रह्मदेशातून परत रत्नागिरीतच आली आणि इथेच गेली. टूटू रत्नागिरीतच वाढल्या, लग्न होऊन पवार झाल्या, मराठी संसार केला आणि २००० साली वारल्या. ब्रह्मदेशाच्या राजाची नात शेणाने अंगण सारवत, गोवऱ्या थापत जगली, असं गावातले जुने लोक सांगतात. "आम्हाला त्यात राजाबिजाचं काय नव्हतं," दादा म्हणाले, "आमच्यासाठी त्या शेजारच्या आजी." आईने एवढंच विचारलं, की त्यांना ब्रह्मी यायचं का. दादांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं. इतका वेळ ऐकलेल्या माहितीपेक्षा या उत्तरामुळे माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

संध्याकाळी थिबा पॉइंटवर गेलो. गर्दी होती, भेळवाले होते, खाली भाट्याचा पूल आणि पलीकडे सुरूचं बन. पलीकडच्या काठावर नारळ संशोधन केंद्र आहे, वेळ असेल तर तेही बघावं. दादांचं लक्ष मात्र वाटेतल्या एका आंब्याच्या कलमाकडे. फांदी खाली ओढून त्यांनी मोहोर हातात घेतला, बोटाने उलटसुलट करून तुडतुडे दिसतात का बघितले. थंडी टिकली तर मेच्या आधी फळ येईल, ढग आले तर फवारणीचा खर्च अंगावर पडेल, असं त्यांचं गणित.

जाणार असाल तर: राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तो दिवस टाळा. मिरकरवाडा बघायचा तर पहाटेच निघा, आणि जून-जुलैत गेलात तर बोटी शाकारलेल्या दिसतील, लिलाव नाही. रेल्वे स्टेशन शहरापासून बाहेर आहे, रिक्षाचा वेळ धरून चाला. टिळक आळी आणि राजवाडा एकाच दिवशी करा, आणि याच क्रमाने. सोबत गावातला माणूस घ्या, त्याला त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. गणपतीपुळं दुसऱ्या दिवशी करता येतं, आम्ही तसंच केलं.