फोडल्यावर आकार कसा कळतो? तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न ठरलेला असतो. अणुकेंद्रं एकमेकांवर आदळवता, त्यांचा लाखो कोटी अंश तापमानाचा प्लाझ्मा, म्हणजे वितळलेल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांचा रस्सा होतो. मग त्या राखेतून केंद्रकाचा मूळ आकार ओळखता, ही थाप नाही का?

नाही. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या ‘रिक’ कोलायडरमध्ये, म्हणजे केंद्रकं आदळवणाऱ्या यंत्रात, केंद्रकं एकमेकांतून आरपार जायची ती १०⁻²⁴ सेकंदांच्याही आत. लांबट युरेनियमला एवढ्यात गिरकी घेता येत नाही. ते असेल त्या अवस्थेत सापडतं. टोकाला टोक भिडलं तर प्लाझ्मा आटोपशीर, गोलसर, आणि बाहेर पडणाऱ्या कणांचा आडवा (आघाताच्या रेषेला काटकोनातला) संवेग जास्त. कुशीला कूस भिडली तर प्लाझ्मा लंबगोल, कणांचा प्रवाह एका अक्षाकडे झुकलेला, संवेग कमी. हा व्यस्त संबंध मोजता येतो. सुटा आघात काही सांगत नाही. कोट्यवधी आघातांची सांख्यिकी सांगते.

आता २०१८चा प्रयोग. रुथेनियम-९६ आणि झिर्कोनियम-९६ यांचे आघात. दोन्हींत न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून, ९६च. प्रोटॉन ४४ आणि ४०, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र वेगळं. बाकी सगळं जवळजवळ सारखं, असा हिशेब. कायरल मॅग्नेटिक इफेक्ट, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे प्लाझ्मात धन-ऋण प्रभार वेगळे होणं, असेल तर रुथेनियमचं पारडं जड, रुथेनियम-झिर्कोनियमच्या संकेतांचं गुणोत्तर १ च्या वर. निकष आधीच लिहून ठेवले, विश्लेषण डोळ्यांवर पट्टी बांधून केलं. २०२१ मध्ये पट्टी सुटली आणि गुणोत्तर १ च्या खाली! रुथेनियममधून निघणारे कणच जास्त होते, त्यामुळे संकेत पातळ झाला. झिर्कोनियमची न्यूट्रॉनांची साल जाड, कड विरळ. ‘बाकी सगळं’ तिथेच फसलं. लंबगोल प्रवाह (कणांचा एका अक्षाकडे झुकाव) रुथेनियमचा जास्त, त्रिकोणी प्रवाह (तीन दिशांना झुकाव) झिर्कोनियमचा. तेव्हा मी तावातावाने म्हणायचो, आकार हा गाळ आहे, वजा करा आणि पुढे चला. आज त्याच गाळावर माझं पोट चालतं. म्हणून तो तेव्हा गाळ नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. शोधत होतो ते त्याच्यामुळेच दिसेनासं झालं.

आणि हो, पहिल्या क्षणी ऊर्जा कुठे किती साचते याचं मॉडेल धरून आम्ही आकार काढतो, आणि आकार धरून तेच मॉडेल तपासतो. दोन केंद्रकांचं गुणोत्तर घेतलं की मॉडेलचं बरंच कटतं, सगळं नाही. केंद्रकरचनावाले तर मुळावरच बोट ठेवतात: या केंद्रकांचा स्पिन (स्वतःचा फिरण्याचा संवेग) शून्य, त्यांना दिशाच नाही, तुम्ही मोजता ते न्यूक्लिऑनांमधले परस्परसंबंध, आकार म्हणणं ही तुमची सोय. पटतं मला. पण झिर्कोनियमचा त्रिकोणी प्रवाह का वाढतो याला ‘नासपतीसारखं केंद्रक’ याहून सरळ उत्तर त्यांनीही मला अजून दिलेलं नाही.