तुम्ही विचारलंत म्हणून : मुलाखत आणि इंग्रजी आकडे

वेंगुर्ल्यात काजूच्या धंद्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली आणि त्यातली बरीचशी परदेशी खरेदीदारांशी दर ठरवण्यात गेली. त्यामुळे मुलाखतीला निघालेली गावातली मुले मला हमखास विचारतात, "काका, इंग्रजी तसे बोलता येते, पण आकडा आला की अडखळायला होते, कोणते शब्द पाठ करू?"

शब्द कमी पडतात असे मला वाटत नाही. सिक्स्टी आणि थ्री कोणाला येत नाहीत? आपण मनात मराठीत मोजतो आणि बोलताना भाषांतर करतो, तिथे घोळ होतो, कारण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतात आणि साठ मागून, तर इंग्रजीत साठ पुढे असतात. मुंबईतल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत मी त्रेसष्ट टनांचे थर्टी सिक्स करून ठेवले, समोरच्या गृहस्थांनी ते शांतपणे लिहून घेतले आणि मला चूक उमगली ती परतीच्या गाडीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला मात्र ते छत्तीस टन आठवले.

म्हणून मी मुलांना सांगतो, की आकडा मनात मराठीत उच्चारूच नका. अंक डोळ्यांपुढे आणा आणि डावीकडून वाचा. त्याच्या सरावाला घरातले विजेचे बिल पुरते. दशांश चिन्हानंतरचे अंक सुटे वाचावेत, थ्री पॉइंट टू फाइव्ह. 'पॉइंट ट्वेंटी फाइव्ह' नव्हे. सव्वा, दीड, पावणेदोन हे आपले लाडके शब्द मात्र आधी अंकांत उलगडावे लागतात. पावणेदोन लाख म्हणजे १,७५,०००, आणि समोर परदेशी माणूस असेल तर वन हंड्रेड सेव्हंटी फाइव्ह थाउजंड, कारण त्याला लाख ठाऊक नसतो. दहा लाखांचा एक मिलियन आणि कोटीचे दहा मिलियन, एवढे तोंडात बसलेले असावे.

खरी परीक्षा वाढ-घट सांगताना होते. मराठीत 'टक्क्यांनी' आणि 'टक्क्यांवर' यांत आपण कधी चुकत नाही, पण इंग्रजीत त्याच जागी येणारे 'बाय' आणि 'टू' सर्रास अदलाबदल होतात. तुकडा काजूचे प्रमाण ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेले, तर ते दोन पर्सेंटेज पॉइंट्सनी वाढले. नुसते दोन पर्सेंट म्हटले तर हिशेबच वेगळा होतो, कारण मूळ आठाच्या मानाने ही वाढ २५ टक्के आहे.

आपल्या कामातले आकडे तर वाक्यासकट यावेत. काजूच्या कारखान्यात मुलाखत असेल तर डब्ल्यू थ्री ट्वेंटी या प्रतीत एका पौंडात सुमारे ३०० ते ३२० अख्खे गर बसतात, आणि आकडा वाढला की गर लहान होतो, हे इंग्रजीत सांगता आले पाहिजे. आंब्याचा व्यवहार असेल तर फाइव्ह डझन म्हणावे, डझन्स नव्हे. इथे मराठीची सवयच कामी येते.

फोनवरच्या मुलाखतीत फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला सारखेच लागतात. मी आजही दर सांगताना "फिफ्टीन, वन फाइव्ह" असे म्हणतो, आणि पलीकडचा खरेदीदारही तसेच म्हणून खात्री करून घेतो.