छपराचे पैसे

ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, हिशेब तपासायला बसलो की ताळेबंदाआधी मी मोजणीची वही आणि पावतीपुस्तकं मागतो. पैसे खाल्ले जाण्याचे प्रकार लोकांना वाटतात तेवढे नसतात. घोळ होतो तो रविवारी दानाची थाळी फिरल्यानंतर, मोजणीच्या टेबलावर.

नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत पावतीच्या स्थळप्रतीवर लिहिलं होतं, ‘रु. ४०,०००, छपराकरिता’. रोजकीर्दीत तीच रक्कम ‘उपकारस्तुती अर्पण’, म्हणजे देवाचे आभार मानायला दिलेलं दान, म्हणून जमा. दान ज्यातून आलं ते पाकीट मोजणीनंतर फाडून टाकलेलं. पुढच्याच आठवड्यात त्यातून पाळकांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) थकलेला पगार दिला गेला, तोही ठरावाविना. देणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना याची कल्पनाच नव्हती.

कमिटीचं म्हणणं, ‘पैसे प्रभूच्याच कामाला लागले ना?’ सार्वजनिक न्यासाच्या लेखापरीक्षणात याबाबत विचारतात ते हे, की निधी न्यासाच्या उद्देशाबाहेर वापरला का? पाळकांचा पगार उद्देशातच बसतो. तिथं ‘नाही’ लिहून मोकळं होता आलं असतं. मला ते पटत नाही. दान घेतलं की त्यामागचा हेतूही घेतला. तो बदलायचा तर आधी देणाऱ्याची लेखी संमती हवी. यरुशलेमेतल्या मंडळीसाठी जमवलेली मदत प्रेषित पौलानं एकट्यानं नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधू दिला आणि कारणही लिहून ठेवलं, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीनं व्यवहार चोख असावा (बायबल, २ करिंथ ८:१८-२१). आपल्याकडे कित्येक ठिकाणी खजिनदार आणि त्याचा मुलगा मिळून मोजतात!

मोजायला नात्यातले नसलेले दोघे हवेत. पाकीट उघडलं की आतली रक्कम त्याच पाकिटावर लिहायची, हेतू वहीच्या वेगळ्या रकान्यात. नोटांचा तपशील, दोघांच्या शाईतल्या सह्या, सोमवारी सगळी रक्कम बँकेत. थाळीतल्या रोकडीतून कुठलाही खर्च भागवायचा नाही, फुलवाल्याचे पैसेसुद्धा नाहीत. पाकिटं लेखापरीक्षण होईपर्यंत जपून ठेवायची.

दुरुस्ती म्हणून ४०,००० ‘इतर निर्धारित निधी’खाली दाखवायला लावले. तेवढीच तूट सर्वसाधारण निधीत उघडी पडली आणि कमिटीला झोंबलं ते हेच. पण तूट आधीपासूनच होती, छपराच्या पैशांनी ती झाकली होती. दरमहा ठरावीक रक्कम त्या निधीत परत भरण्याचा ठराव झाला. बाईंना सगळं कळवणारं पत्रही गेलं.

पगार थकला कसा, हा प्रश्न मात्र राहतोच. त्या मंडळीत वर्षाचं अंदाजपत्रक कधी वाचूनच दाखवत नाहीत. थकबाकीचा आकडा भक्तीनंतर सर्वांसमोर वाचा, असं मी सुचवलं, तर पाळकच नको म्हणाले. स्वतःच्या पगारासाठी हात पसरल्यासारखं वाटतं, म्हणाले. त्यांचा संकोच मला कळतो. पण आकडाच ठाऊक नसेल तर मंडळी देणार कशी, हे त्यांना अजून पटवता आलेलं नाही.