मार्गासनी

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

बाबांनी कागदाची घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवली आणि म्हणाले, "बरं." एवढंच. मग टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

तीन आठवडे जेवणं उरकली की मी ट्रेकची अंतरं सांगणारा हा प्रोग्रॅम घेऊन बसते आहे. "पासून" आणि "पर्यंत" निवडायचं, की मधलं अंतर, चढ आणि अंदाजे वेळ समोर यायला हवी. सुरुवात राजगड–तोरण्यापासून करायची हे ठरलेलंच होतं. आपल्या घरात दुसऱ्या कुठल्या वाटेपासून सुरुवात होणार? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दोन टेबलं केली, एक ठिकाणांचं, एक टप्प्यांचं. गुंजवणे, चोर दरवाजा, पद्मावती माची, संजीवनी माची, अळू दरवाजा, मग ती लांबलचक सोंड, मधे डांबरी रस्ता ओलांडायचा, धनगराचं घर, बुधला माची, कोकण दरवाजा, बिनी दरवाजा, वेल्हे. प्रत्येक दोन ठिकाणांमधली वाट म्हणजे एक ओळ, आणि त्या ओळीत माझ्या फोनवरच्या जीपीएक्स फायलीतून, म्हणजे चाललेल्या वाटेच्या जीपीएस नोंदीतून, कापून घेतलेली रेघ.

पहिल्या दिवशी सगळ्या वाटेची लांबी ०.२१ आली. ०.२१ काय, हे कळेना. मग लक्षात आलं की ते अंश आहेत. अक्षांश-रेखांश साध्या आलेखावरच्या बिंदूंसारखे धरले, तर पोस्टजीआयएस, म्हणजे पोस्टग्रेसचा नकाशांसाठीचा जोडभाग, लांबीही अंशातच सांगतं. आणि अंश सगळीकडे सारखा नसतो. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, पण आपल्या राजगडाच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक अंश भरतो सुमारे १०६. पृथ्वी गोल आहे हे त्याला वेगळं सांगावं लागतं. रेघेचा प्रकार बदलला आणि आकडा मीटरमध्ये आला. त्या रात्री झोपायला दोन वाजले, पण इतकं छान वाटत होतं.

त्यानंतरची भानगड जीपीएसची. माणूस बसला तरी फोन चालतच असतो. पद्मावती तळ्यापाशी आम्ही चाळीस मिनिटं बसलो होतो. तेवढ्या वेळात फोननं इकडे चार मीटर, तिकडे सहा मीटर करत ६०० मीटर चालून घेतलं होतं. नकाशा मोठा करून बघितला तर तिथे दोऱ्याचा गुंता पडावा तसं दिसत होतं. कड्याखाली आणि दाट कारवीत तर बिंदू थेट दरीत उडी मारतात. ते सगळं गाळलं, रेघ नीट केली, आणि आकडा स्थिरावला: गुंजवणे ते वेल्हे १९.६ किलोमीटर.

सरळ रेषेत दोन्ही गड सातेक किलोमीटरवर आहेत. हे मला फार आवडलं होतं, की सात किलोमीटरसाठी सह्याद्री एवढं चालायला लावतो. बाबांना सांगायचं म्हणून मी ते कागदावर छापून नेलं. प्रत्येक टप्पा, प्रत्येक चढ.

त्यांनी बोट ठेवत ठेवत सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "एकोणीस म्हणजे मैल किती?"

"बारा. बारा आणि थोडं."

"बारा." मग ते "बरं."

सतरा मैल. माझ्या जन्माच्या आधीपासून या घरात राजगड–तोरणा सतरा मैल आहे. १९८४ साली एका दिवसात सतरा मैल, पाठीवर तांदूळ आणि स्टोव्ह. प्रत्येक पाहुण्याला सांगितलेलं, प्रत्येक गणपतीत सांगितलेलं. आणि मी ते एका कागदावर बाराचं करून त्यांच्या हातात दिलं. तेही आता, त्या गुडघ्यानंतर.

काय गरज होती? कोणी मागितलं होतं? तीन आठवडे जागून मी नेमकं काय केलं तर हे. दादाला फोन केला तर त्यानं उचलला नाही. जाऊ दे.

बारा वाजून गेले. मघाशी एक गोष्ट केली ती लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःशीच नाकारेन. गाळणीचा निकष, म्हणजे किती मीटरपेक्षा कमी हललेले बिंदू गाळायचे तो आकडा, पाच मीटरचा दोन केला. आकडा २०.९ झाला. एक केला, २२.४ झाला. आकडा बाबांच्या दिशेनं सरकताना बघून बरं वाटत होतं. मग नकाशा बघितला तर तळ्याकाठचा तो गुंता परत आला होता. मी बाबांना बसल्या जागी चालवत होते. निकष परत पाचवर नेला आणि मशीन बंद केलं.

१९.६ बरोबर आहे. मी ही वाट चालले त्या तिन्ही वेळच्या फायली शे-दोनशे मीटरच्या आत जुळतात. बरोबर आहे, याचंच वाईट वाटतंय.

गुरुवार, सकाळ

झोप धड लागली नाही. पाच वाजता उठले तर बाबा स्वयंपाकघरात एकटेच, चहाचं आधण ठेवून उभे. गुडघ्यावर भार नको म्हणून एक हात ओट्यावर टेकलेला. मी मागून बघत राहिले आणि मग काल विचारायला हवं होतं ते विचारलं.

"बाबा, सतरा मैल तुम्ही कुठपासून मोजायचात?"

त्यांनी वळूनही बघितलं नाही. "मार्गासनीपासून. आणखी कुठून?"

मी तशीच उभी.

"एसटी वेल्ह्याला जाणारी. आम्ही मार्गासनीला उतरायचो. तिथून साखर, साखरवरून गुंजवणे, सगळं चालतच. आता तुमच्या गाड्या पार पायथ्याशी जातात."

माझ्या ठिकाणांच्या टेबलात पहिली ओळ गुंजवणे आहे. क्रमांक १. ट्रेक गुंजवण्याला सुरू होतो असं मी कधी ठरवलं? ठरवलंच नाही. गाडी तिथे थांबते, मी बुटाच्या नाड्या बांधते, फोनवर नोंद सुरू करते. त्याआधीचं सगळं माझ्यासाठी काचेबाहेरून सरकणारं असतं. भाताची खाचरं, शाळा, सायकलवरची मुलं, आणि अचानक समोर येणारा बालेकिल्ला. हे त्यांनी पायानं ओलांडलंय, पहाटेच्या अंधारात, आणि गडाचा पहिला चढ लागायच्या आधीच पाय बोलायला लागलेले असणार. सतरा मैल म्हणजे २७.४ किलोमीटर. त्यातून माझे १९.६ वजा केले तर पावणेआठ उरतात. ते पावणेआठ बाबांनी कधी वेगळे काढलेच नाहीत. का काढावेत? त्यांच्या दृष्टीनं गडाची वाट एसटीच्या पायरीवरून खाली पाऊल टाकलं तिथेच सुरू झाली होती.

आणि मी रात्रभर त्यांचा आकडा फुगवायला गाळणी सैल करत बसले होते.

वेळेचा अंदाजही आता नव्यानं करायला हवा. त्यासाठी मी नेस्मिथचा नियम घेतला आहे. स्कॉटलंडच्या या गिर्यारोहकानं तो १८९२ साली मांडला: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. नियम चांगला आहे, पण चोर दरवाज्याच्या पायथ्याशी पोचलेल्या माणसाचे पाय ताजे आहेत की आठ किलोमीटर तुडवून आलेले, हे त्याला ठाऊक नसतं. याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

ऑफिसला निघायच्या आधी मशीन उघडलं. ठिकाणांच्या टेबलात मार्गासनी घातलं. टप्पा टाकायला गेले तर अडलं, कारण अंतराचा रकाना रिकामा चालणार नाही अशी अट मीच घातली होती. नकाशावरून रस्ता मोजून आकडा भरता आला असता, दोन मिनिटांचं काम. नाही भरला. अट काढली.

बाबा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर. बराच वेळ पडद्याकडे बघत होते.

"मधे साखर टाक," म्हणाले. "एकदम गुंजवणे नको. साखरला आम्ही थांबायचो."

टाकलं. मार्गासनी ते साखर, साखर ते गुंजवणे. दोन्हींपुढे अंतर रिकामं. रविवारी पहाटेची एसटी किती वाजता आहे ते आज संध्याकाळी स्वारगेटला बघून येते.